ईथर आणि टीएचएफच्या बाटल्या: तारीख, साठवण आणि पेरॉक्साइडची चाचणी

महापे_क्यूसी

महापे, रबाळे, तुर्भे, वागळे इस्टेट, तळोजा या पट्ट्यात छोट्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) आणि आर अँड डी (संशोधन) लॅब खूप आहेत. शिवाय ठाण्यातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळा आहेत. डायएथिल ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफ, ही दोन सॉल्व्हंट बहुतेकांच्या कपाटात सापडतात. दोन्ही पेटतात हे सगळ्यांना माहीत असतं. दोन्ही बाटलीत पडल्यापडल्या स्फोटक पेरॉक्साइड बनवतात, याकडे मात्र पुरेसं लक्ष जात नाही. म्हणून हा धागा. ज्यांना नेमकी माहिती आहे त्यांनी भर घालावी.

हवेतला ऑक्सिजन ईथरच्या ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवर हल्ला करतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतं. उजेड आणि उष्णता ही क्रिया वाढवतात. ईथर उडून जातं, पेरॉक्साइड उडत नाही. त्यामुळे तळाशी थोडं उरलेली, वारंवार उघडलेली बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची. 'थोडंसंच तर उरलंय' म्हणून ती मागे सरकवून ठेवणं ही सगळ्यांत वाईट सवय.

माझं म्हणणं एकच आहे: बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल तर ती बाटली वापरण्यालायक नाही. कंपनीने छापलेली मुदत ही सीलबंद बाटलीची असते. सील तोडलं की ती मुदत संपली असं धरा आणि तुमची स्वतःची मोजणी सुरू करा. लेबलवर माल आल्याची तारीख, उघडल्याची तारीख, उघडणाऱ्याची सही, शेवटच्या चाचणीची तारीख आणि आकडा, आणि टाकून देण्याची तारीख हवी. टाकून देण्याची तारीख बाटली उघडतानाच लिहायची, नंतर नाही.

मुदती मी अशा धरतो. डायआयसोप्रोपिल ईथर उघडल्यापासून ३ महिने, कारण त्याचं पेरॉक्साइड सहज स्फटिक होऊन खाली बसतं आणि ते सगळ्यांत वाईट. स्थिरक (पेरॉक्साइड रोखायला घातलेलं रसायन) असलेलं डायएथिल ईथर, टीएचएफ, डायॉक्झेन ६ महिने, आणि मध्ये ३ महिन्यांनी चाचणी. सीलबंद असलं तरी १२ महिने किंवा छापील मुदत, जे आधी येईल ते. स्थिरक नसलेल्या टीएचएफला ही सवलत नाही. त्याची चाचणी दर वेळी वापराआधी.

शिसपेन्सिल

तारीख लिहायची कशाने, यावरही बोलायला हवं. बाटलीवर मार्करने लिहिलेली तारीख ओतताना ओघळलेल्या टीएचएफच्या एका थेंबाने पुसली जाते. बॉलपेनची शाईही पसरते. लेझर प्रिंटरवर छापलेलं लेबल टिकेल असं वाटतं, पण त्याचा टोनर मुळात प्लॅस्टिकच आहे आणि टीएचएफ त्यालाही विरघळवतं. पेन्सिलीचं ग्राफाइट कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. कागदी लेबलवर पेन्सिलीने ठळक लिहा.

दुसरी अडचण आपल्याकडच्या पावसाळ्याची. फ्रिजमधून बाटली बाहेर काढली की जून ते सप्टेंबर तिच्यावर लगेच पाणी धरतं आणि लेबलचा गोंद सुटतो. लेबलवर सेलोटेप मारून उपयोग नाही, कारण टेपचा गोंद सॉल्व्हंटने चिकट होऊन आतलं अक्षर घेऊन निघतो. जाड पुठ्ठ्याचा टॅग सुती दोऱ्याने बाटलीच्या गळ्यात बांधा. तोच नंबर, त्याच तारखा एका वहीत. टॅग तुटला तरी बाटलीचा नंबर काचेवर डायमंड पेन्सिलीने कोरलेला असला की वहीतून सगळं परत मिळतं.

कोपरखैरणेकर

चांगला धागा. एक शंका. आमच्याकडे ईथर घरगुती फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. उत्कलनबिंदू ३४.६ अंश आहे, एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली त्याच्या वर जाते. मग थंड ठेवणं बरोबरच ना? आणि थंडीत पेरॉक्साइडही कमी बनेल.

महापे_क्यूसी

@कोपरखैरणेकर, थंड ठेवायला हरकत नाही, घरगुती फ्रिजला आहे. तो लगेच थांबवा.

ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, उणे ४५ अंश आहे. फ्रीझर उणे १८ ला चालतो. म्हणजे फ्रीझरमध्येही ईथर आपल्या फ्लॅश पॉइंटच्या बऱ्याच वर आहे. उणे १८ ला त्याचा बाष्पदाब साधारण ७० मिलिमीटर पारा इतका असतो. झाकण सैल असेल तर बंद कप्प्यातल्या हवेत ईथरची वाफ ९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हवेत २ टक्क्यांच्या जरा आतपासून ३६ टक्क्यांपर्यंत ईथर पेटतं. म्हणजे ९ टक्के त्या मर्यादेच्या आतच.

आणि घरगुती फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट, दाराच्या दिव्याचं बटण, डीफ्रॉस्टचा हीटर, पंखा असं सगळं ठिणगी टाकणारं असतं. २०० लिटरचा फ्रिज स्फोटाच्या मर्यादेत न्यायला अवघं १६-१७ मिलि द्रव ईथर उडायला हवं. एवढं तर नीट न बसलेल्या बुचातून एका आठवड्याच्या सुट्टीत जातं. गणेशोत्सवात लॅब बंद, आत वाफ साठलेली, आणि परत आल्यावर पहिला माणूस दार उघडतो.

फ्लेमप्रूफ फ्रिज मिळतो. त्यात आतली सगळी विजेची जोडणी बाहेर काढलेली किंवा बंदिस्त केलेली असते. तो घेणं परवडत नसेल तर ईथर फ्रिजमध्ये ठेवूच नका. १०० किंवा ५०० मिलिच्या छोट्या बाटल्या मागवा, सावलीत, सॉल्व्हंटच्या लोखंडी कपाटात ठेवा आणि लवकर संपवा. साध्या फ्रिजच्या दारावर 'ज्वलनशील सॉल्व्हंट ठेवू नये' हे मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषांत मोठ्या अक्षरात चिकटवा. हाउसकीपिंगच्या माणसालाही ते कळायला हवं.

थंडीने पेरॉक्साइड कमी वेगाने बनतं हे खरं, पण थांबत नाही. उलट आधीच बनलेलं पेरॉक्साइड थंडीत कमी विरघळतं आणि खाली बसू शकतं. म्हणून फ्रिजमधल्या बाटलीलाही तीच मुदत.

वागळे_गाळा

गाळ्यांच्या संदर्भात एक भर. पुष्कळ गाळ्यांत वर पोटमाळा काढलेला असतो आणि सॉल्व्हंटचे कॅन तिथेच चढवतात, कारण खाली जागा नसते. पत्र्याखालचा पोटमाळा उन्हाळ्यात खालच्या मजल्यापेक्षा खूपच तापतो. ईथरचा कॅन तिथे फुगतो आणि उघडताना तोंडावर उडतो. त्यातून ईथरची वाफ हवेच्या अडीच पट जड आहे. पोटमाळ्यावरून ती जिन्याने खाली उतरते, फरशीवरून वाहत जाते आणि दुसऱ्या टोकाच्या बर्नरपाशी किंवा कंप्रेसरपाशी पेटते. ज्वाला तोच रस्ता उलटा धरून कॅनपर्यंत येते.

साठवण खालच्या मजल्यावर, खांद्याच्या उंचीच्या खाली, ट्रेमध्ये. ट्रे इतका खोल हवा की सगळ्यांत मोठी बाटली फुटली तरी सगळं आत राहील आणि वर थोडी जागा उरेल. एक्झॉस्टची जाळी फरशीलगत हवी. वर छताला लावलेला पंखा ईथरसाठी फारसा उपयोगाचा नाही.

माल उतरवतानाही हेच. टेम्पो दुपारी येतो, कॅन गेटवर उन्हात राहतात. वॉचमनला सांगून ठेवा की लाल हिऱ्याच्या आकाराचं ज्वलनशील चिन्ह असलेला खोका सावलीत ठेवायचा आणि लगेच फोन करायचा. खोक्यावर युएन ११५५ असेल तर ईथर, युएन २०५६ असेल तर टीएचएफ. हे दोन आकडे गेटच्या केबिनमध्ये लिहून लावा.

ठाणे_प्रयोगशाळा

चाचणीबद्दल लिहिते. कॉलेजात पेरॉक्साइड तपासायच्या पट्ट्या नसतात, पण पोटॅशियम आयोडाइड सगळीकडे असतं.

परीक्षानळीत १ मिलि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घ्या, त्यात साधारण १०० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घाला, मग १ मिलि सॉल्व्हंट. हलवून पांढऱ्या कागदासमोर धरा. शेजारी सॉल्व्हंट न घातलेली दुसरी नळी ठेवा. रंग एका मिनिटात वाचायचा. फिकट पिवळा म्हणजे थोडं पेरॉक्साइड, गडद पिवळा म्हणजे काळजी करण्याजोगं, तपकिरी म्हणजे ती बाटली हातात धरून ठेवू नका, सावकाश खाली ठेवा. पाच-दहा मिनिटांनी वाचलं तर हवेनेच आयोडाइडचं आयोडीन होतं आणि कोरी नळीसुद्धा पिवळी पडते. घाई केली तर चुकतं आणि उशीर केला तरी चुकतं, म्हणून कोरी नळी हवीच. पोटॅशियम आयोडाइड आधीच पिवळसर असेल तर बदला.

पट्ट्या वापरणाऱ्यांसाठी: टीएचएफ किंवा ईथरमध्ये पट्टी एक सेकंद बुडवा, बाहेर काढून पूर्ण सुकू द्या, मग पाण्याचा एक थेंब द्या, आणि डब्यावर दिलेल्या वेळाने निळा रंग जुळवा. पट्टीवरची क्रिया पाण्याशिवाय होत नाही. ओल्या सॉल्व्हंटमधून काढून लगेच वाचली की रंग येतच नाही आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. हा सगळ्यांत धोक्याचा चुकीचा निकाल.

शिसपेन्सिल

@ठाणे_प्रयोगशाळा, ताई, पट्ट्यांबद्दल अजून एक. आपल्या हवेत डबा एकदा उघडला की पट्ट्या दमट होतात आणि मेल्यावरही छान पांढऱ्या दिसतात. म्हणून दर चाचणीबरोबर एक ताळा घ्यायचा. औषधाच्या दुकानात मिळणारं २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ६ टक्के असतं. त्यातलं अर्धा मिलि एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात घातलं की लिटरला ३० मिलिग्रॅम होतं. पट्टीने ते ३० च्या आसपास दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर पट्टी फेका, सॉल्व्हंटचा निकाल लिहू नका. हे द्रावण रोज ताजं करायचं, आणि औषधाची बाटलीही जुनी नको.

खाडीपलीकडे

मर्यादा कुठली धरता? काही ठिकाणी १०० पीपीएमपर्यंत (दशलक्षात १०० भाग) चालतं असं ऐकलंय.

महापे_क्यूसी

१०० ला टाकून द्यायचं, वापरायचं नाही. २५ च्या खाली नेहमीचं काम, २५ ते १०० च्या मध्ये आटवायचं, ऊर्ध्वपातन करायचं किंवा रोटाव्हेपवर (सॉल्व्हंट उडवायच्या फिरत्या फ्लास्कवर) चढवायचं काम अजिबात नाही. फरक गणिताने कळतो. लिटरला १०० मिलिग्रॅम पेरॉक्साइड असलेलं एक लिटर टीएचएफ रोटाव्हेपवर १० मिलिपर्यंत आणलं तर ते १०० मिलिग्रॅम त्या १० मिलितच उरतं. म्हणजे शंभरपट, एक टक्का. आणि ते गरम फ्लास्कच्या तळाशी. अजून थोडं आटवलं तर उरतं ते नुसतं पेरॉक्साइड.

म्हणून पेरॉक्साइड शून्य असलं तरी ईथर किंवा टीएचएफ कधीच कोरडं होईपर्यंत आटवायचं नाही. तळाशी निदान १०-२० टक्के राहू द्या. पूर्ण कोरडं उत्पादन हवं असेल तर शेवटी टोल्युईन किंवा हेप्टेन घालून काढा, जेणेकरून तळाशी दुसरं सॉल्व्हंट असेल.

आयोडाइडची चाचणी आणि पट्ट्या दोन्ही प्रामुख्याने हायड्रोपेरॉक्साइड पकडतात. डायअल्किल आणि पॉलिमरसारखी पेरॉक्साइडं त्यातून निसटू शकतात. म्हणूनच मुदत संपलेल्या बाटलीचा निकाल शून्य आला म्हणून मुदत वाढवत बसू नये.

ठाणे_प्रयोगशाळा

हे फार महत्त्वाचं. आणि कॉलेजांना माझी कळकळीची विनंती: कपाट आवरताना मागे जुना, गंजलेला ईथरचा कॅन किंवा झाकणाभोवती पांढरे स्फटिक असलेली बाटली सापडली तर चाचणी करायची नाही. चाचणीसाठी झाकण फिरवावं लागतं आणि आटे हेच घर्षणाचं ठिकाण आहे. स्फटिक, तळाशी तेलकट थर, गढूळपणा, तारीख नसलेलं जुनं लेबल, यातलं एकही दिसलं तर हात लावायचा नाही, हलवायचं नाही, फोटोसाठी वळवायचं नाही. विद्यार्थ्यांना बाहेर काढा, खोलीला कुलूप, दारावर कागद, आणि १०१ किंवा ११२. फोनवर 'जुना ईथर, पेरॉक्साइडचे स्फटिक असण्याची शक्यता' असं स्पष्ट सांगा. म्हणजे अग्निशमन दल आणि पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकाचा समन्वय होतो. शिपायाच्या हातून तो कॅन खाली आणून भंगारात देणं हा पर्याय नाही, आणि सिंकमध्ये ओतणं तर मुळीच नाही.

जेलपर्मिएशन

पॉलिमर लॅबचा एक विषय इथे आलाच नाही. जीपीसीसाठी (पॉलिमरच्या रेणूंचा आकार मोजायची पद्धत) आणि यूव्ही डिटेक्टरसाठी टीएचएफ बीएचटी या स्थिरकाशिवायचं घेतात, कारण बीएचटी यूव्हीमध्ये दिसतं. म्हणजे नेमकं जे सॉल्व्हंट सगळ्यांत जास्त वेळ मशीनवर उघडं राहतं त्यालाच संरक्षण नाही.

एलुएंटची, म्हणजे मशीनमधून वाहणाऱ्या टीएचएफची, बाटली उपकरणाच्या वर, दिव्याखाली, आठवडाभर. झाकणाला नळीसाठी भोक. दर शनिवारी वरून थोडं टीएचएफ भरायचं आणि पुढे चालू. असं केलं की जुनं पेरॉक्साइड बाटलीतच राहतं आणि नव्यात मिसळतं. वरून भरणं बंद करा. उरलेलं काढून टाका, बाटली धुवा, सुकवा, नवीन भरा. भोक असलेलं झाकण नको, पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) जोडणीचं आणि हवा आत घेताना गाळणी व झडप असलेलं झाकण घ्या. बाटली तपकिरी काचेची किंवा बाहेरून फॉइल गुंडाळलेली.

रिसायकल मोडमध्ये चालवणाऱ्यांनी तर रोज चाचणी करावी. पैसे वाचतात म्हणून तेच टीएचएफ फिरवत राहिलं की प्रत्येक फेरीत त्याला हवा लागते. बेसलाइन हळूहळू वर चढताना दिसते, तेव्हा पहिला संशय पेरॉक्साइडवर घ्या, कॉलमवर नंतर.

वेस्टच्या बाटलीत ओघळणारं टीएचएफसुद्धा तेवढंच धोक्याचं. ती बाटली कोणी पाहत नाही. तिच्यावरही उघडल्याची तारीख, आणि नियमातल्या नव्वद दिवसांची वाट न पाहता महिन्याला रिकामी. आणि बीएचटी त्यातही घाला.

कोपरखैरणेकर

वेस्टमध्ये बीएचटी किती? आणि लॅबमध्येच ऊर्ध्वपातन केलेल्या टीएचएफमध्ये?

जेलपर्मिएशन

नेहमीच्या स्थिर केलेल्या टीएचएफमध्ये २५० पीपीएम असतं. एका लिटरचं वजन साधारण ८८९ ग्रॅम, त्यामुळे लिटरला २२० मिलिग्रॅमच्या आसपास. वेस्टमध्ये तेवढंच घालून नीट हलवा. तिथे काटेकोर तोलण्याची गरज नाही, थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही.

ऊर्ध्वपातन केल्यावर बीएचटी फ्लास्कमध्येच मागे राहतं, कारण त्याचा उत्कलनबिंदू २६० अंशांच्या वर आहे. म्हणजे तुमचं 'शुद्ध' टीएचएफ बिनसंरक्षणाचं. ते नायट्रोजनखाली ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

महापे_क्यूसी

जोडून एक. ॲल्युमिनाची पावडर भरलेल्या कॉलममधून काढलं तरी तेच होतं. ॲल्युमिना पेरॉक्साइड आणि ओलावा दोन्ही धरतं, पण त्याबरोबर बीएचटीही धरतं. कॉलममधून आलेलं टीएचएफ पुन्हा पट्टीने तपासा, मग वापरा. वापरलेल्या ॲल्युमिनावर पेरॉक्साइड चिकटलेलं असतं. तो कॉलम ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरायचा नाही. ओलाच बाहेर काढून फेरस सल्फेटच्या आम्लयुक्त पातळ द्रावणात भिजवा.

टीएचएफला कॉलम, कारण ते पाण्यात मिसळतं. डायएथिल ईथर पाण्यात फारसं मिसळत नाही, त्यामुळे ते फेरस सल्फेटने धुता येतं: ६० ग्रॅम फेरस सल्फेट, ६ मिलि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, ११० मिलि पाणी (ॲसिड पाण्यात घालायचं). यातलं १०-२० मिलि, १०० मिलि पाण्यात मिसळून, एक लिटर ईथरबरोबर विभाजक नरसाळ्यात हलवायचं. दर दोन-तीन हलवण्यांनंतर तोंड हूडच्या आतल्या बाजूला करून तोटी उघडा, नाहीतर दाबाने बूच उडतं. हे फक्त थोडं पेरॉक्साइड असलेल्या, तारीख माहीत असलेल्या ईथरसाठी. स्फटिक दिसणाऱ्या बाटलीसाठी नाही, हे पुन्हा सांगतो.

सॉल्व्हंट कोरडं करायची सोडियम आणि बेंझोफिनोनची भट्टी रात्रभर सोडून घरी जाणं आता बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं. कॉलम असताना तिची गरज उरत नाही.

खाडीपलीकडे

हातमोजे? आम्ही पातळ नायट्राइल वापरतो.

वागळे_गाळा

टीएचएफसाठी पातळ नायट्राइल चालत नाही. एका मिनिटाच्या आत आरपार जातं. वर थेंब उडाला तर तोच मोजा तुमच्या हातावर सॉल्व्हंट धरून ठेवतो. थेंब उडाला की लगेच काढा, हात धुवा, नवीन घाला. जास्त वेळ हाताळायचं असेल तर अनेक थरांचे लॅमिनेट मोजे आत आणि पकडीसाठी वर नायट्राइल. लेटेक्स दोघांसाठीही निरुपयोगी.

ओतताना स्थिर विजेचं विसरू नका. धातूचा कॅन आणि धातूचं नरसाळं तांब्याच्या वेणीच्या तारेने जोडा आणि ती तार अर्थिंगच्या पट्टीला. क्लिप रंगावर लावून उपयोग नाही, रंग खरवडून उघड्या धातूवर लावा. पावसात दमटपणामुळे स्थिर वीज कमी होते हे खरं, पण एसी आणि डीह्युमिडिफायर लावलेल्या लॅबमध्ये बाहेरच्या पावसाचा काही उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात ईथर ओतू नका. आणि टीएचएफ पीव्हीसीच्या नळीतून, पॉलिस्टायरीनच्या भांड्यात कधीही नको, ते विरघळतं.

हॉट प्लेट बंद केली तरी प्लेट तापलेली राहते. ईथर ठिणगीशिवायही १६० ते १८० अंशांच्या आसपास पेटतं. शेजारच्या टेबलावरची थंड होत असलेली प्लेट पुरेशी आहे.

सांडलं तर: दिव्याचं, पंख्याचं, एसीचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, दोन्ही वेळी ठिणगी पडते. हाताने खिडक्या उघडा, सगळे बाहेर. मेन स्विच खोलीच्या बाहेर असेल तर बाहेरून बंद. कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट टाकून धातूच्या झाकणबंद डब्यात. आग लागली तर ड्राय पावडर किंवा कार्बन डायॉक्साइड. पाण्याची धार नको, ईथर पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पुढे जातं. टीएचएफ पाण्यात मिसळतं, त्याला साधा फोम टिकत नाही, अल्कोहोल-रोधक फोम लागतो. डोळ्यात गेलं तर आयवॉशखाली १५ मिनिटं, पापण्या उघड्या धरून.

तळोजा_ईएचएस

कागदपत्रांचं मी लिहितो, कारण इन्स्पेक्शनमध्ये लोक इथेच अडकतात.

घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे डब्यावर आतलं रसायन काय, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती हवी. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत किंवा वॉशबॉटलमध्ये काढलं तरी नाव आणि धोक्याचं चिन्ह त्या बाटलीवरही लिहा. नुसतं 'ईथर' पुरेसं नाही, कारण पेट्रोलियम ईथर हे वेगळंच सॉल्व्हंट आहे. पूर्ण नाव आणि सीएएस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) लिहा: डायएथिल ईथर ६०-२९-७, टीएचएफ १०९-९९-९. सुरक्षा माहितीपत्रक कपाटाजवळ छापील ठेवा. लाइट गेल्यावर कॉम्प्युटरवरचं पत्रक उघडत नाही.

वेस्टसाठी २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम. वापरलेलं सॉल्व्हंट पहिल्या परिशिष्टात २०.२ मध्ये येतं, औषध उद्योगात २८.६. साठवण ९० दिवस. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान युनिटला प्रदूषण मंडळ १८० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतं, पण ती लेखी घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. आणि पेरॉक्साइड बनवणाऱ्या सॉल्व्हंटसाठी ती मुभा मागूच नका. डब्याचं लेबल फॉर्म ८ प्रमाणे: पार्श्वभूमी फ्लुओरोसंट पिवळी, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे लाल अक्षरात हिंदी, इंग्रजी आणि मराठीत, आणि लेबल पाण्याने न धुपणारं. नोंद फॉर्म ३ मध्ये, वाहतुकीला फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत.

आपल्या पट्ट्यात घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं दोन: महाप्याला टीटीसी वेस्ट मॅनेजमेंट असोसिएशनचं आणि तळोज्याला मुंबई वेस्ट मॅनेजमेंटचं. सॉल्व्हंट भट्टीत जाळायचं असतं, त्यासाठी तळोज्याला इन्सिनरेटर आहे. सभासदत्व आधी घेऊन ठेवा. कचरा साठल्यावर धावपळ करून होत नाही. पाठवताना पेरॉक्साइडचा शेवटचा आकडा आणि तारीख लेबलवर लिहा. १०० च्या वर असेल तर आधी फोन करून विचारा, परस्पर गाडीत चढवू नका.

डबा ९० टक्क्यांवर भरू नका, वर १० टक्के जागा. टीएचएफच्या वेस्टमध्ये नायट्रिक ॲसिड, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), हायड्रोजन पेरॉक्साइड घालू नका. क्लोरोफॉर्मचा डबा वेगळा.

खाडीपलीकडे

३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही असं म्हणतात ते ईथरला लागू होतं का?

तळोजा_ईएचएस

ती सूट पेट्रोलियम कायद्यातली आहे: २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं 'अ' वर्गाचं पेट्रोलियम, विक्रीसाठी नसेल तर एकूण ३० लिटरपर्यंत, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात प्रत्येकी एक लिटर, धातूच्या डब्यात २५ लिटर. तो कायदा हायड्रोकार्बनबद्दल आहे. हेक्झेन, टोल्युईन त्यात येतात, शुद्ध ईथर आणि टीएचएफ हायड्रोकार्बन नाहीत. त्यामुळे तो ३० चा आकडा ईथरसाठी ढाल म्हणून वापरू नका. फायर एनओसी आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात जो साठा लिहिला आहे तोच तुमचा आकडा.

शिसपेन्सिल

साठाच कमी करायचा असेल तर पर्यायी सॉल्व्हंट बघा. निष्कर्षणासाठी ईथरऐवजी एमटीबीई (मिथाइल टर्शरी-ब्युटाइल ईथर) चालतं का ते तपासा. त्याचा उत्कलनबिंदू ५५ अंश आणि पेरॉक्साइड बरंच हळू बनतं. ग्रिन्यार्डसारख्या काही अभिक्रियांना सीपीएमई (सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथर) चालतं, उत्कलनबिंदू १०६. दोन्ही पेटतात, त्यामुळे कपाट आणि अर्थिंग तेच. २-मिथाइल टीएचएफ मात्र या यादीत धरू नका, ते पेरॉक्साइड चांगलंच बनवतं, त्याला टीएचएफचीच मुदत आणि तोच टॅग.

कोपरखैरणेकर

सगळ्यांचे आभार. फ्रीझरमधल्या तीन बाटल्यांपैकी दोघींवर तारीख आहे, चार महिन्यांपूर्वीची, काच स्वच्छ दिसते. तिसरीवर तारीख नाही. आता पहिल्यांदा काय?

महापे_क्यूसी

आधी फ्रिजभोवतीची माणसं बाहेर, बर्नर आणि हॉट प्लेट बंद, खिडक्या उघड्या. फ्रिजचा प्लग काढू नका, वाफ असेल तर तिथेच ठिणगी पडेल. वीज बाहेरच्या एमसीबीवरून बंद करा आणि मगच दार उघडा. दार उघडल्यावर ईथरचा वास भरून आला तर मागे व्हा आणि वास जाईपर्यंत थांबा.

बाटल्यांना हात लावण्याआधी टॉर्चच्या उजेडात तळ आणि झाकणाची कड बघा. तारीख असलेल्या दोन्ही स्वच्छ असतील तर सावकाश फ्यूम हूडमध्ये न्या, खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, पट्टीने तपासा आणि आकडा टॅगवर लिहा. २५ च्या खाली आल्या तर लोखंडी कपाटात, उरलेल्या दोन महिन्यांसाठी. तिसऱ्या बाटलीचं झाकण फिरवू नका. आल्याची तारीख खरेदीच्या वहीत, बॅच नंबरवरून शोधा. दोन वर्षांच्या आतली निघाली आणि काच पूर्ण स्वच्छ दिसत असेल तर न उघडता कचऱ्याच्या यादीत घाला आणि तळोज्याला फोन करून विचारा. नोंद सापडलीच नाही, किंवा काचेवर काहीही दिसलं, तर तिला आहे तिथेच राहू द्या, खोली बंद करा आणि १०१.

कोपरखैरणेकर

बॅच नंबर दिसतोय. वही मागवली आहे. एमसीबी आत्ता बंद करतो.